लोणारचं सरोवर नेमकं कोणाचं? संरक्षित वारसा मुलांना शिकवताना



सहलीचे दिवस आले की आपण सगळे संमतीपत्रं, एसटीचं बुकिंग, पाण्याच्या बाटल्या आणि मुलांची मोजणी यांत बुडालेले असतो. ठिकाणाबद्दल काय शिकवायचं हा विचार बहुतेक वेळा गाडीत बसल्यावरच सुरू होतो. माझंही तसंच झालं होतं. आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला गेलो होतो. विवराच्या काठावर उभं राहून मी उल्कापाताची गोष्ट रंगवून सांगत होते. तेवढ्यात एका मुलाने हात वर केला. सकाळपासून दिसणारे सगळे फलक तो वाचत होता. त्याने विचारलं, "मॅडम, देवळापाशी पुरातत्त्व खात्याचा फलक आहे, इथं वन विभागाचा आहे, खाली देवीची यात्रा भरते म्हणतात. मग हे सरोवर नेमकं कोणाचं?"

मी पटकन म्हणाले, "सरकारचं."

जवळच्या दगडावर एक आजोबा बसले होते. ते हसून म्हणाले, "पोराले पुरं सांगा मॅडम. आमचा आजा याच काठावर ढोरं चारत होता. अन् कमळजा माय काय सरकारची हाय?"

मुलं हसली. मीही हसले, पण परतीच्या वाटेवर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. माझं उत्तर पूर्ण चूक नव्हतं, पण अर्धवट होतं. आणि अर्धवट उत्तर मुलांच्या मनात पक्कं बसतं. "सरकारचं आहे" याचा अर्थ मूल दोन प्रकारे लावतं. एक, "म्हणजे आपलं नाही, आपल्याला काय त्याचं!" दोन, "सरकारचं म्हणजे फुकटचं, काहीही करा!" गडाच्या तटावर कोरलेली नावं या दोन्ही समजुतींतूनच येतात. म्हणून घरी आल्यावर मी या विषयाचा नीट अभ्यास केला. तो आज तुमच्यासमोर मांडते आहे.

आधी लोणार समजून घेऊ

लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे आणि काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १४० मीटर. दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकात ते तयार झालं आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पण स्थानिक लोकांना ते फार आधीपासून माहीत होतं. 'ऐन-ए-अकबरी'तही लोणारचा उल्लेख येतो आणि इथल्या क्षारांपासून साबण व काच बनत असल्याची माहिती मिळते.

हे विवर ज्वालामुखीचं की उल्काघाताचं, यावर बराच काळ वाद होता. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात इथल्या खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणाऱ्या खुणा दाखवल्या गेल्या आणि उल्काघाताची बाजू पक्की झाली. बेसॉल्टमध्ये आघाताने झालेली विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत. चंद्राच्या पृष्ठभागावरही बेसॉल्ट आहे, म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांनाही लोणारचं आकर्षण वाटतं. विवराच्या वयाचे आकडे पुस्तकागणिक वेगळे दिसतात. आधीचा अंदाज सुमारे ५० हजार वर्षांचा होता. नंतर आरगॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत तो साडेपाच लाख वर्षांच्या पुढे गेला. मुलांनी "मॅडम, गाईडमध्ये वेगळं आहे" म्हटलं तर रागावू नका. विज्ञानात आकडे असेच सुधारत जातात, हे सांगायची ती उत्तम संधी आहे.

निसर्ग असा, आणि इतिहासही तेवढाच भरगच्च. गावात दैत्यसूदनाचं सुंदर कोरीव मंदिर आहे. विष्णूने लोणासुराला मारल्याची कथा त्याच्याशी जोडलेली आहे. काठावर बारमाही धार पडते, तिथे मंदिरं आहेत. खाली पाण्याजवळ कमळजा देवीचं मंदिर, जिची यात्रा नवरात्रात भरते. म्हणजे भूगोल, इतिहास, विज्ञान आणि श्रद्धा एकाच खोलगट भांड्यात! अशी जागा सांभाळायची तर नियम लागणारच. पण कोणते?

एक जागा, अनेक कायदे

आपण वर्गात 'संरक्षित क्षेत्र' हा शब्द सरसकट वापरतो. प्रत्यक्षात संरक्षणाचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा नियम वेगळा आहे.

पहिला प्रकार स्मारकांचा. १९०४ मध्ये, लॉर्ड कर्झनच्या काळात, भारतात प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं या कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण सांभाळतं. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा आहे. त्याखालची स्मारकं राज्य सांभाळतं. केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत 'प्रतिबंधित क्षेत्र', म्हणजे तिथे नवं बांधकाम नाही. त्यापुढचे २०० मीटर 'विनियमित क्षेत्र', म्हणजे परवानगी घेऊनच बांधकाम. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या फलकांवर तीन महिने आणि पाच हजार रुपये असं लिहिलेलं सापडलं तर मुलांना कारण शोधायला सांगा. तो दुरुस्तीच्या आधीचा फलक आहे.

दुसरा प्रकार वन आणि वन्यजीवांचा. १९२७ च्या वन कायद्यात 'राखीव वन' आणि 'संरक्षित वन' असे दोन शब्द येतात. आपल्याला ते सारखेच वाटतात, पण फरक मोठा आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर राखीव वनात जे करायला परवानगी दिलेली नाही ते सगळं मना. संरक्षित वनात जे मना केलेलं नाही ते चालतं. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'राष्ट्रीय उद्यान' आणि 'अभयारण्य' यांची चौकट घालून दिली. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारता येत नाहीत. अभयारण्यात मात्र वन्यजीव अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली चराईला परवानगी मिळू शकते. लोणार सरोवराचा परिसर २००० मध्ये अभयारण्य झाला. आकाराने तो चार चौरस किलोमीटरही भरत नाही. आजोबांच्या आजाची ढोरं आणि आजचा वन विभागाचा फलक यांच्यामध्ये ही एवढी एक घोषणा आहे.

तिसरा प्रकार आंतरराष्ट्रीय. १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर या शहरात पाणथळ जागांसाठी करार झाला. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. २०२० मध्ये आधी नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर आणि मग लोणार ही महाराष्ट्राची पहिली दोन रामसर स्थळं ठरली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. रामसरचा दर्जा मिळाला म्हणून आपोआप कुणाला दंड होत नाही. ते जगाला दिलेलं वचन आहे. ते पाळायचं आपल्याच कायद्यांनी.

म्हणजे लोणारला देवळापाशी एक कायदा, झाडीत दुसरा, पाण्याला वचन तिसरं. माझ्या विद्यार्थ्याने इतके फलक वाचले यात नवल नव्हतं!

ही कल्पना आली कुठून?

"सुंदर जागा विकायची नाही, सगळ्यांसाठी राखून ठेवायची" ही गोष्ट आज साधी वाटते. पण कायद्याच्या रूपात ती फार जुनी नाही. ३० जून १८६४ रोजी, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. योसेमिटी दरी आणि मॅरिपोसाची महाकाय वृक्षांची राई कॅलिफोर्निया राज्याकडे सोपवली गेली. अट अशी की ती जागा लोकांच्या उपयोगासाठी आणि विसाव्यासाठी राहील, तिची मालकी कधीही दुसऱ्याला देता येणार नाही. त्यानंतर १८७२ मध्ये यलोस्टोन हे पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९३६ चं. त्याचं तेव्हाचं नाव हेली, आजचं जिम कॉर्बेट. महाराष्ट्रातलं पहिलं ताडोबा, १९५५ चं.

आपल्याकडे कायद्याच्या आधीही राखण होतीच. कोकणात आणि सह्याद्रीत देवराया आहेत. देवाच्या नावाने सोडलेल्या त्या रानातली फांदीसुद्धा गावकरी तोडत नसत. तिथे ना कुंपण, ना रक्षक. फरक एवढाच की देवराई गावाने गावासाठी राखली आणि राष्ट्रीय उद्यान देशाने सगळ्यांसाठी. मुलांना हे दोन्ही सांगायला हवं, नाहीतर राखण ही फक्त सरकारची आणि फक्त बाहेरून आलेली गोष्ट वाटते.

योसेमिटीच्या गोष्टीत आणखी दोन धडे आहेत. ते आपण सहसा वगळतो.

पहिला धडा : ती दरी रिकामी नव्हती. तिथे अहवानीची लोक राहत होते. लिंकनच्या सहीच्या तेरा वर्षं आधी, १८५१ मध्ये, सशस्त्र तुकडीने दरीत शिरून त्यांना हुसकावलं होतं. काही जण परत आले, राहिले. पण पुढच्या शतकभरात उद्यानातली त्यांची वस्ती आटत गेली आणि १९६९ मध्ये उरलेलं गावही हटवलं गेलं. 'सगळ्यांसाठी' राखलेल्या जागेतून नेमके तिथलेच लोक बाहेर पडले.

दुसरा धडा : कागदावर राखीव झालं म्हणजे कायमचं वाचलं असं नाही. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातच हेच हेची नावाची दुसरी सुंदर दरी होती. सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी हवं होतं. जॉन म्यूर आणि त्यांच्या साथीदारांनी जोरदार विरोध केला, तरी १९१३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने धरणाला मंजुरी दिली आणि दरी पाण्याखाली गेली. जो कायदा राखतो, तोच बदलताही येतो. म्हणून राखण ही एकदाच करायची गोष्ट नाही. ती प्रत्येक पिढीला पुन्हा करावी लागते.

मालक नाही, विश्वस्त

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सरोवर कोणाचं?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर एका प्रकरणात फार नेमकं दिलं आहे. हिमाचल प्रदेशात बियास नदीकाठची वनजमीन एका हॉटेलला भाडेपट्ट्याने दिली गेली होती आणि नदीचा प्रवाहच वळवण्याचा प्रकार घडला होता. एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. त्यातला निकाल डिसेंबर १९९६ चा. न्यायालयाने त्यात सांगितलेलं तत्त्व असं : नदी, वन, समुद्रकिनारा, हवा अशा गोष्टींचं सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे. खरे लाभार्थी म्हणजे जनता. विश्वस्ताला ठेव सांभाळता येते, स्वतःच्या मर्जीने कुणाला देऊन टाकता येत नाही.

मुलांना हे समजवायला मी एक उदाहरण देते. शाळेच्या सहलीचे पैसे वर्गशिक्षकांकडे जमा असतात. ते पैसे शिक्षकांचे असतात का? नाही. मग त्यांच्याकडे का? सांभाळायला. त्यांनी त्यातून स्वतःसाठी चप्पल आणली तर? सगळा वर्ग ओरडतो, "नाही चालणार!" झालं, विश्वस्त ही कल्पना पाचवीच्या मुलालाही कळली.

आपल्या राज्यघटनेतही हे दोन्ही बाजूंनी लिहिलं आहे. कलम ४९ राज्याला सांगतं की राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचं रक्षण कर. आणि कलम ५१क, जे १९७६ च्या दुरुस्तीने आलं, ते नागरिकांना सांगतं की आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपा, वनं-सरोवरं-नद्या यांचं संरक्षण करा. एक कर्तव्य सरकारचं, दुसरं आपलं. सरकारने फलक लावला म्हणून आपली सुट्टी झाली असं नाही.

पण किंमत कोण मोजतं?

आजोबांच्या वाक्यात हाच प्रश्न होता. स्मारकापासून १०० मीटरच्या आत ज्याचं घर आहे, त्याला गळकं छप्पर दुरुस्त करायलाही परवानगीचे कागद करावे लागतात. अभयारण्याच्या कडेला ज्याची दोन जनावरं आहेत, त्याची चराई कमी होते. आपण सहलीला येतो, फोटो काढतो आणि जातो. राखणीचा आनंद सगळ्यांचा, पण भार शेजाऱ्यांचा. हे मुलांपासून लपवू नये.

कायदाही याबाबत गप्प नाही. अभयारण्य घोषित करताना तिथल्या लोकांचे जमिनीवरचे हक्क काय आहेत, याची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी करायची असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासींचे हक्क मान्य केले. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेने जंगलाची राखणही केली आणि बांबूपासून उत्पन्नही मिळवलं. म्हणजे लोकांना बाहेर काढलं तरच निसर्ग वाचतो, हे काही खरं नाही. लोकांना राखणदार करता येतं.

आणि उलटही लक्षात घ्या. नुसती रेघ आखून निसर्ग वाचत नाही. पाणी काही हद्दीचा दगड वाचून थांबत नाही. लोणार गाव विवराच्या काठावरच वसलं आहे. त्यामुळे सांडपाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजला, न्यायालयातही गेला. उतारावर वेडी बाभूळ माजली, ती काढायचं काम करावं लागलं. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर बातम्या झाल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण निघालं ते खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, क्षार वाढले, जीव वाढले, रंग बदलला. फलक जागच्या जागी होता, आत मात्र सरोवर बदलत होतं. राखण म्हणजे असं सतत लक्ष ठेवणं.

वर्गात काय करता येईल?

१. फलक-वाचन. सहलीत प्रत्येक गटाने एका फलकावरची माहिती वहीत उतरवायची : खातं कोणतं, कायदा कोणत्या सालचा, काय मना आहे, शिक्षा काय. वर्गात आल्यावर तक्ता करायचा.

२. नकाशा आणि गणित. जवळचं एखादं केंद्रीय संरक्षित स्मारक नकाशावर बिंदू मानून १०० मीटर आणि ३०० मीटर त्रिज्येची वर्तुळं काढायची. पाय ३.१४ धरला तर आतल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३.१४ हेक्टर येतं आणि मोठ्याचं २८.२६ हेक्टर, म्हणजे जवळजवळ ७० एकर. एका छोट्या देवळासाठी एवढी जमीन नियमाखाली येते हे पाहून मुलं थक्क होतात. त्या वर्तुळांत घरं किती, शेतं किती, शाळा आहे का, तेही मोजायला सांगा.

३. वर्गातली ग्रामसभा. भूमिका वाटून द्या : गुराखी, वनरक्षक, पुजारी, हॉटेल काढू पाहणारा, अभ्यासक, आणि अजून जन्माला न आलेलं मूल. शेवटची भूमिका वर्गातल्या सगळ्यात शांत मुलाला द्या. सगळे भांडून झाले की त्याने फक्त एकच प्रश्न विचारायचा : "माझ्यासाठी काय ठेवणार?"

४. आजी-आजोबांची मुलाखत. "तुमच्या लहानपणी गावातली कोणती जागा सगळ्यांची होती? आता ती कशी आहे?" गायरान, तळं, देवराई, पाराचं झाड, काहीही निघेल.

पालकांनो, तुमच्याकडे एक छोटी विनंती. गडावर किंवा लेण्यांत मूल दगडावर नाव कोरायला लागलं तर "पोलीस पकडतील" एवढंच सांगून थांबू नका. पोलीस नसतील त्या दिवशी ते कोरेल. "हे तुझ्या नातवासाठीही आहे" असं सांगा. भीती पहारेकरी असेपर्यंत टिकते, आपलेपणा पुढेही टिकतो.

सहलीनंतरच्या सोमवारी मी वर्गात पहिल्यांदा तेच केलं. फळ्यावर प्रश्न लिहिला आणि त्या मुलाला म्हणाले, "त्या दिवशी मी तुला अर्धं उत्तर दिलं होतं." मग सहलीच्या पैशांचं उदाहरण, विश्वस्त, गुराखी, सगळं झालं. तास संपताना त्याने स्वतःच उत्तर तयार केलं : "म्हणजे मॅडम, सरोवर सगळ्यांचं. सरकारकडे ठेवायला दिलंय. आणि त्या आजोबांना विचारल्याशिवाय नियम करायचे नाहीत."

मी ते तसंच फळ्यावर लिहिलं आणि तारीख टाकली. तुमच्या वर्गात यापेक्षा चांगलं उत्तर निघालं तर मला जरूर कळवा. पुढच्या सहलीच्या आधी ते मला हवं आहे.